प्रायमर बसवायचा, पण कशाने?

टूलरूम : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. मी डेटनला असतो. गेल्या वर्षापासून काडतुसं घरीच भरतो. एक बोल्ट-ॲक्शन रायफल आहे, ६.५ क्रीडमूर काडतुसाची, आणि एक एआर-१५, त्यात .२२३ रेमिंग्टन चालतं. प्रायमर बसवायला काडतुसं भरायच्या प्रेसबरोबर आलेला प्रायमिंग आर्म वापरतो. मागच्या महिन्यात रेंजवर क्रीडमूरची तीन काडतुसं पहिल्या फटक्याला उडालीच नाहीत. बोल्टचं हँडल वर-खाली करून पुन्हा ट्रिगर ओढला तर तिन्ही उडाली. क्लबातला मित्र म्हणतो, क्लिकवाला महागडा प्रायमर सीटर घे, सगळं सुटेल. सहा-सातशे डॉलर घालण्याआधी तुम्हाला विचारावं म्हटलं. घरात पाच वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे बायकोला त्या प्रायमरच्या डब्यांची काळजी वाटते. तेही सांगा. — एक वाचक, डेटन, ओहायो

उत्तर : पैसे सध्या खिशातच राहू द्या. ती तीन काडतुसं काय सांगताहेत ते आधी बघू.

पहिल्या फटक्याला गप्प बसलेलं काडतूस दुसऱ्या फटक्याला उडालं, की माझा पहिला संशय प्रायमर तळाला न टेकल्यावर जातो. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडात बसणारी, दारू पेटवणारी पितळेची छोटी वाटी, तिच्यात लेड स्टिफनेटचं मिश्रण आणि त्यावर तीन किंवा दोन पायांची ऐरण. ऐरणीचे पाय पॉकेटच्या, म्हणजे बुडातल्या प्रायमरच्या खड्ड्याच्या, तळावर घट्ट उभे असतील तरच फायरिंग पिनच्या फटक्याने मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडतं आणि पेटतं. पाय अधांतरी असतील तर पिनची सगळी ताकद प्रायमर आत ढकलण्यात जाते. म्हणजे पहिल्या फटक्याने तुमच्या रायफलने प्रायमर बसवायचं काम केलं आणि दुसऱ्या फटक्याने तो पेटवला.

दुसरीही एक शक्यता आहे, ती तपासल्याशिवाय सोडू नका. साइझिंग डाय, म्हणजे वापरलेली पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) दाबून पुन्हा मापात आणणारा साचा, जास्त खाली बसवला असेल तर पुंगळीचा खांदा, मानेखालचा उतार, मागे ढकलला जातो. मग चेंबरमध्ये पुंगळीला पुढेमागे हलायला जागा मिळते आणि पिन तिला मारण्याऐवजी पुढे ढकलते. लक्षण तंतोतंत तेच दिसतं. तुमच्याच रायफलमधून उडालेली एक पुंगळी आणि साइझ केलेली एक पुंगळी घ्या, कॅलिपरला हेडस्पेस कम्पॅरेटर (बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजायचा जोड) लावून दोन्ही मोजा. बोल्ट-ॲक्शनला खांदा एक-दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मागे गेला तर पुरतं. सहा-आठ थाऊ फरक निघाला तर दोष डायच्या सेटिंगमध्ये आहे, आणि जगातला कुठलाही प्रायमर सीटर तो काढू शकणार नाही. ओहायोच्या थंडीत बोल्टमधलं ग्रीस घट्ट होऊन पिन मंदावते, तेव्हा बोल्टही एकदा उघडून कोरडा करून घ्या.

आणि रेंजवर काडतूस उडालं नाही तर लगेच हात बोल्टकडे नेऊ नका. नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा ते एक मिनिट थांबा. क्वचित प्रायमर उशिरा पेट घेतो, आणि त्या क्षणी बोल्ट उघडा असेल तर चेहरा जातो. हे कितीही वेळा सांगितलं तरी मला कमीच वाटतं.

आता समजा हेडस्पेस ठीक निघाला. मग प्रायमर किती आत बसलाय ते बघायचं. प्रायमर लावलेली, दारू न भरलेली पुंगळी काचेवर किंवा सरफेस प्लेटवर उभी करा. डगमगली तर प्रायमर वर आलाय, विषय संपला. डगमगली नाही तर उलटी धरा, बुडावर स्टीलच्या पट्टीची धार आडवी टेकवा आणि दिव्याकडे धरून बघा. पट्टी आणि प्रायमर यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ दिसायला हवी. नंतर कॅलिपरच्या शेपटीने खोली मोजा. बुडाच्या पातळीखाली तीन ते पाच थाऊ ही सर्वसाधारण चांगली बैठक मानतात. काही पॉकेटांत सहा-सात निघते, तीही चालते. एक थाऊ म्हणजे पंचवीस मायक्रॉन. भोसरीच्या टूलरूममध्ये आम्ही गेज तपासायचो तेव्हा एका थाऊसाठी जॉब परत जायचा. म्हणून हे आकडे मला लहान वाटत नाहीत.

तुमच्या प्रायमिंग आर्मची अडचण लांबीत आहे. प्रेसचा दांडा पुंगळी दाबून साइझ करायला बनवलेला, त्याचा जोर शेकडो पौंडांचा. त्या दांड्याच्या टोकाला तुमचा तळवा असतो आणि दुसऱ्या टोकाला एक इवलासा प्रायमर. तो तळाला टेकला, ऐरणीचे पाय वाटीत किंचित शिरले, हा दोन-तीन थाऊंचा निरोप एवढ्या लांबून हातापर्यंत पोचतच नाही. कुणी दांडा हलक्या हाताने ओढतो आणि प्रायमर अर्धवट राहतो, कुणी खच्चून ओढतो आणि वाटी चपटी होते. प्रेसवर प्रायमर बसवून उत्तम नेम मारणारी माणसं मला माहीत आहेत, पण त्यांचा हात वर्षानुवर्षं एकाच प्रेसवर बसलेला आहे. तुमच्यासारख्या नव्या माणसाने प्रायमरसाठी वेगळं टूल घ्यावं, एवढं मित्राचं म्हणणं मला पटतं. फक्त कोणतं, ते वेगळं.

बाजारात साधारण तीन घराणी आहेत. पहिलं, हातात धरून दाबायचं. ली, आरसीबीएस, फ्रँकफर्ड आर्सेनल या तिघांची टूलं सहज मिळतात. वर ट्रे, ट्रेमध्ये प्रायमर हलवून उलटे-सुलटे नीट करायचे, पुंगळी शेल होल्डरमध्ये सरकवायची आणि तळव्याने लिव्हर दाबायचा. लिव्हर आखूड, म्हणून प्रायमर तळाला टेकतो तो क्षण तळव्यात स्पष्ट कळतो: आधी कडेचं घर्षण, मग एकदम घट्ट भिंत, आणि त्या भिंतीत शिरणारा शेवटचा बारीकसा दाब. तो शेवटचा दाबच महत्त्वाचा. फ्रँकफर्डच्या टूलला खोलीचा स्टॉप फिरवून लावता येतो. आरसीबीएसच्या युनिव्हर्सल टूलला ट्रेतले प्रायमर आणि दाबला जाणारा प्रायमर यांच्यामध्ये आडवं फाटक पडतं. एखादा प्रायमर दबताना फुटलाच तर ट्रेतल्या इतरांपर्यंत आग जाऊ नये म्हणून ती सोय. ज्यांच्या ट्रेत शंभर प्रायमर हाताला चिकटून असतात त्यांच्याकडे अशी आडवी आडकाठी असावी, हे माझं ठाम मत आहे.

दुसरं घराणं टेबलावर बोल्टने बसवायचं. लांबट लिव्हर, पण प्रेसपेक्षा पुष्कळ आखूड, आणि दोन्ही हात मोकळे. ज्यांचा अंगठा दुखतो, ज्यांना एका बैठकीत शेकड्यांनी .२२३ भरायचं असतं, त्यांनी थेट इथेच यावं. हाताचं टूल पन्नास-साठ पुंगळ्यांपर्यंत छान चालतं. त्यापुढे तळवा थकतो, आणि थकलेल्या तळव्याचा दाब कमी होत जातो, हे आपल्याला कळतही नाही.

तिसरं घराणं तुमच्या मित्राचं. बेंचरेस्टवाल्यांसाठी, म्हणजे रायफल बाकावर टेकवून अचूकतेची स्पर्धा करणाऱ्यांसाठी, एकेक प्रायमर घालून बसवायची टूलं, आणि प्रायमल राइट्सचा सीटर, ज्याची खोली एकेक थाऊच्या क्लिकने बदलता येते. घडण अप्रतिम. ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी आणि के-अँड-एमची एकेरी टूलंही फार देखणी आहेत. के-अँड-एमच्या एका मॉडेलला डायल असतो, त्यावर त्या त्या पुंगळीचं पॉकेट आणि तो तो प्रायमर मोजून नेमका किती थाऊ चिरडला हे दिसतं.

पण क्लिकचं टूल मोजतं काय, ते समजून घ्या. प्रायमर वर ढकलला जाताना पुंगळीची कड शेल होल्डरच्या ओठाला खालून टेकते. स्टॉप लावलेलं टूल त्या ओठापासून ठरावीक उंचीवर थांबतं. म्हणजे कडेची जाडी दोन थाऊने बदलली की प्रायमरची खोली दोन थाऊने बदलणार. आणि पॉकेटच्या खोलीतला फरक टूलला दिसतच नाही. मोठ्या रायफल प्रायमरचं पॉकेट साम्मीच्या (काडतुसांची मापं ठरवणारी अमेरिकी संस्था) मापात .१२५ ते .१३२ इंच असतं, छोट्याचं .११७ ते .१२३. म्हणजे नियमात बसणाऱ्या दोन मोठ्या पॉकेटांतही सात थाऊचा फरक असू शकतो. एकाच क्लिकवर बसवलेला प्रायमर उथळ पॉकेटात जास्त चिरडेल आणि खोल पॉकेटात तळाला जेमतेम टेकेल. बाहेरून मोजाल तर दोन्ही अगदी सारखे. एकाच कंपनीच्या एकाच लॉटच्या, पॉकेट युनिफॉर्म (कटरने एकसारख्या खोलीचं) केलेल्या पुंगळ्या असतील तर क्लिकचं टूल त्याचं काम चोख करतं. रेंजवर वेचलेल्या पंचमिसळ पुंगळ्या असतील तर तळाला टेकल्याचं सांगणारा तळवा क्लिकपेक्षा भरवशाचा.

म्हणून तुमच्या यादीत टूलच्या आधी पॉकेट येतं. खर्च थोडा आणि फायदा सगळ्यात मोठा तिथेच. वापरलेल्या पुंगळीच्या पॉकेटात काजळी साचून कडक थर होतो. त्या थरावर ऐरणीचे पाय टेकले की हाताला तळ लागल्यासारखं वाटतं, आणि फायरिंग पिनच्या धक्क्याने तो थर चुरतो. तुमच्या तीन काडतुसांचं मूळ इथेही असू शकतं. दर वेळी ब्रशने पॉकेट खरवडून काढा. पॉकेट युनिफॉर्मर नावाचं कटर मिळतं, ते एकदाच फिरवायचं. तळ सपाट होतो आणि कोपऱ्यातली गोलाई निघते. कटर फिरवताना काही पॉकेटांतून पितळेचा लखलखीत भुसा निघेल, काहींतून काहीच निघणार नाही. पुंगळ्यांत मुळात किती फरक होता ते त्या भुशावरूनच कळतं. तुमच्या ६.५ क्रीडमूरच्या पुंगळ्या कोणत्या, हे तुम्ही लिहिलं नाहीत. लापुआच्या असतील तर त्यांचं पॉकेट छोट्या प्रायमरचं असतं, इतर बऱ्याच कंपन्यांचं मोठ्याचं. मोठा प्रायमर .२१० इंच व्यासाचा, छोटा .१७५. प्रत्येकाला त्याचाच दट्ट्या लावावा लागतो. दोन्ही पुंगळ्या एकाच डब्यात ठेवू नका. आणि मोठ्या पिस्तूल प्रायमरचा व्यास मोठ्या रायफल प्रायमरएवढाच, पण उंची कमी असते. तो रायफलच्या पॉकेटात सहज जातो आणि खोल बसतो. डब्यावरचं लेबल वाचून मगच ट्रेत ओता.

.२२३चं प्रकरण वेगळं आणि जास्त जपून करायचं. रेंजवर वेचलेल्या पुंगळ्यांत लेक सिटीचा शिक्का असलेल्या पुष्कळ असतात. सैन्यासाठी बनलेल्या या पुंगळ्यांत प्रायमर सुटू नये म्हणून पॉकेटच्या तोंडाशी पितळ दाबून कडं केलेलं असतं. जुना प्रायमर काढला तरी ते कडं राहतं. ते न काढता नवा प्रायमर दाबलात तर त्याची कड सोलून निघते किंवा तो तिरका बसतो, आणि हाताला तळ लागला असं खोटंच वाटतं. रीमरने ते कडं कापून काढा किंवा स्वेजरने दाबून गोल करा. मी स्वेजर पसंत करतो, कारण धातू काढला जात नाही आणि पॉकेट सैल होण्याचा धोका कमी. रीमर अधाशीपणाने चालवला तर तोंड रुंद होतं, मग पॉकेट प्रायमरला धरत नाही आणि ती पुंगळी टाकून द्यावी लागते.

एवढा वेळ .२२३ला देण्याचं कारण एआर-१५चा बोल्ट. त्यातली फायरिंग पिन मोकळी तरंगते. बोल्ट स्प्रिंगने आपटून बंद होतो तेव्हा पिन दर वेळी प्रायमरला हलकेच टेकते. न उडवलेलं काडतूस चेंबरमधून काढून बघा, प्रायमरवर बारीक ठिपका दिसेल. तो नॉर्मल आहे. पण प्रायमर बुडाच्या वर आलेला असेल, तर ट्रिगरला बोट न लागता, बोल्ट बंद होतानाच काडतूस उडू शकतं. म्हणून एआरसाठी भरलेल्या प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवा. नमुन्याला दोन-चार बघून चालणार नाही. एआरसाठी सीसीआयचा ४१ नंबरचा प्रायमर मिळाला तर घ्या, तो सैनिकी काडतुसासाठीच बनवलेला आहे आणि हलक्या टेकण्याला दाद देत नाही. भरलेल्या काडतुसात प्रायमर वर दिसला तर तो टूलमध्ये घालून पुन्हा दाबायचा मोह आवरा. आत दारू आहे, पुढे गोळी आहे. आधी पुलरने गोळी काढा, दारू ओता, मग पुढचं.

नेमाबद्दल तुमच्या मित्राचं म्हणणं तपासायचं असेल तर ते पैसे न घालताही तपासता येतं. एकाच लॉटच्या, साफ केलेल्या पुंगळ्या घ्या. काहींत प्रायमर तळाला जेमतेम टेकवा, काहींत टेकल्यानंतर आणखी दोन थाऊ दाबा, काहींत चार. बाकी सगळं तेच ठेवा आणि क्रोनोग्राफवरून, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरून, मारा. वेगाचा फैलाव कोणत्या गटात कमी आला ते पाहून मग लांबच्या कागदावर उभी पसर बघा. तुमच्या ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या स्पर्धांत सहाशे यार्डांवर उभी पसर कमी करायला झटणारी बहुतेक माणसं आधी दारूचं वजन आणि पुंगळीच्या मानेची पकड नीट करतात, प्रायमरची खोली त्यानंतर. मलाही तोच क्रम योग्य वाटतो. प्रायमरची खोली सारखी नसेल तर नुकसान नक्की होतं. पण ती आधीच तीन ते पाच थाऊमध्ये सारखी असेल, तर एकेक थाऊची क्लिक विकत घेऊन तुमच्या टप्प्यावर फारसं हाती लागणार नाही.

तेव्हा माझा सल्ला : क्रीडमूरसाठी हातातलं टूल, फाटकाची सोय असलेलं. .२२३ मोठ्या संख्येने भरत असाल तर त्याऐवजी टेबलावरचं, दोन्हीसाठी तेच वापरा. सोबत युनिफॉर्मर आणि स्वेजर. तिन्ही मिळून तुमच्या मित्राच्या टूलच्या किमतीच्या आतच बसेल, आणि उरलेले पैसे चांगल्या पुंगळ्यांत घाला. टूल आल्यावर पहिल्या काही पुंगळ्या सावकाश दाबा, प्रत्येक मोजा आणि तळव्यातला दाब व कॅलिपरचा आकडा यांची जोडी जमवा. ती एकदा जमली की प्रत्येक पुंगळी मोजावी लागत नाही.

आता घरातला प्रश्न. तुमच्या पत्नीची काळजी रास्त आहे आणि तिचं उत्तर तुमच्या वागण्यातूनच द्यावं लागेल. प्रायमर त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवा. कंपनीने प्रत्येक प्रायमर वेगळ्या कप्प्यात ठेवलाय तो एकाच्या स्फोटाने दुसरा पेटू नये म्हणून. काचेच्या बरणीत ओतलेले प्रायमर म्हणजे बॉम्बच, आणि हे मी शब्दशः म्हणतोय. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमावलीत घरात दहा हजारांपर्यंत प्रायमर ठेवायला मुभा आहे. तुम्हाला तेवढे लागणारही नाहीत. कुलूपबंद लाकडी कपाट, दारूपासून वेगळं, हीटर आणि वॉशर-ड्रायरपासून दूर. बाकावर एका वेळी एकाच जातीचे प्रायमर, तेही लागतील तेवढेच. प्रायमर दाबताना डोळ्यांवर सुरक्षा चष्मा असलाच पाहिजे. दट्ट्या अडला तर जोर करू नका. थांबा, पुंगळी काढा, काय अडलंय ते बघा. तेलकट हातांनी प्रायमर उचलू नका, तेल आत गेलं की प्रायमर मरतो.

आणि शिसं. उडालेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. पॉकेट खरवडताना ती पूड बोटांवर, बाकावर, कपड्यांवर बसते. लहान मुलांच्या शरीराला शिसं फार लवकर बाधतं. पॉकेट साफ करायचं काम घरात, गालिच्यावर, जेवणाच्या टेबलावर कधीही करू नका. गॅरेजमध्ये करा, बाक ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारून धूळ उडवू नका. हात आणि कोपरापर्यंतचा भाग साबणाने धुवा, शर्ट बदला आणि मगच मुलीला उचलून घ्या. तुमच्या पत्नीला प्रायमर फुटण्याची भीती आहे. रोजच्या रोज जपायचा धोका या पुडीचा आहे, तो त्यांनाही नीट समजावून सांगा.

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापुरात ५० मीटर प्रोन (पालथं पडून) नेमबाजी करतो. परदेशातले नेमबाज काडतुसं स्वतः भरतात, म्हणून ती एकसारखी येतात असं ऐकलं. आपल्याकडे ते करता येईल का? — एक पालक, कोल्हापूर

उत्तर : ताई किंवा दादा, तुमच्या मुलाच्या खेळात ते कुणीच करत नाही. ५० मीटरची रायफल .२२ रिमफायर चालवते. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४मध्ये कांस्यपदक जिंकलं आणि तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकला प्रोनचं जागतिक सुवर्ण, ती याच जातीच्या काडतुसांवर. रिमफायरला वेगळा प्रायमर नसतो. मिश्रण पुंगळीच्या कडेच्या घडीत फिरवून भरलेलं असतं आणि पिन ती कडच चेपते. चेपलेली कड पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे बसवायला प्रायमर नाही आणि भरायला पुंगळीही नाही.

शिवाय भारतात काडतूस बनवायला आर्म्स ॲक्ट १९५९च्या कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. नेमबाजाचा बंदुकीचा परवाना त्याला पुरत नाही. हा विचार घरात पुढे नेऊ नका.

एकसारखेपणा हवा असेल तर तो लॉट निवडून मिळतो. एलीची, लापुआची, आरडब्ल्यूएसची काडतुसं लॉटनंबरने येतात, आणि एकाच नावाच्या दोन लॉटांत त्याच रायफलमधून निघणारा गट, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा झुबका, वेगळा असतो. क्लबात जे लॉट मिळतील त्यांतून प्रत्येकी एकेक पाकीट घ्या, रायफल शिकंज्यात किंवा भक्कम टेकूवर ठेवा आणि प्रशिक्षकासमोर ५० मीटरवर गट मारून बघा. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. चांगला लॉट त्यात एकाच ठिकाणी भोक पाडत जातो, वाईट लॉट मधूनच एखादी गोळी बाहेर टाकतो, आणि मुलगा तो दोष स्वतःच्या श्वासाला देत बसतो. ज्या लॉटने सगळ्यात लहान गट दिला त्याचा नंबर वहीत लिहा, त्याच नंबरची परवान्यात बसतील तेवढी काडतुसं स्पर्धेसाठी बाजूला काढा, आणि सरावाला दुसरा लॉट वापरा.